आपल्या घरची टाच

दादा,

आधी अक्षराची माफी कर. चौथीनंतर पेन हातात धरला तो सहीपुरताच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ चढेल, उतरेल. लहानपणी माझी पाटी पाहून तू म्हणायचास, "मंगले, कोंबडी चालून गेली काय गं इथून?" ती कोंबडी अजून तशीच चालते. तू वाचणार नाहीस म्हणूनच लिहिते आहे. तू समोर बसलेला असतास तर माझ्या तोंडून दोन शब्द निघाले नसते. जन्मभर निघाले नाहीत.

लोक विचारतात, सख्खा भाऊ गेला आणि मंगल रडत कशी नाही. रडू येत नाही, दादा. किळस येते.

तुला ओसरीत निजवलं होतं. हळद शिजवायच्या कढईजवळ पडलास, तिथून तसाच उचलून आणला होता, त्यामुळे पाय घोट्यापर्यंत पिवळे होते. डोंगरकड्याची मामी आली. तुझी सासू, आणि आपल्या मामाची बायको. तिनं तुझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सरळ पायाशी बसली, टाचेवरची ती जाड शीर दोन बोटांत धरली, हात कपाळाला लावला आणि सूर काढला, "काय टाच होती गं माझ्या वाघाची! आता अशी टाच कुठं पाहायची?" तिच्यामागून दुसरी बाई वाकली, मग तिसरी. देवाच्या पायाला लावावा तसा हात लावून राहिल्या होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. मी मागच्या दारी जाऊन ओकले. बाया म्हणाल्या, दुःखानं झालं.

ते दुःख नव्हतं. त्या टाचेत काय भरलेलं आहे ते मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं.

आपल्या मायनं आपल्याला कसं वाढवलं ते आठव. मायच्या माहेरी, डोंगरकड्याला, सगळ्यांच्या टाचेवरची शीर बोटाएवढी जाड, गाठाळ. हाताच्या मुठी वळल्या की सांध्यांवर उंचवटे. मायला त्याचा काय तोरा! "आमच्या घरची टाच हाय. जमिनीत रोवून उभी राहणारी टाच." तुला न्हाऊ घालताना ती टाचेला वेगळं तेल लावायची. माझ्याही टाचेला लावायची, पण मी लाजून पाय ओढून घ्यायची. लुगड्याखाली पाय झाकायची सवय मला तेव्हापासूनची. मला त्या गाठी कधीच आवडल्या नाहीत. का ते सांगता येत नव्हतं.

तुझं लग्न जमवायची वेळ आली तेव्हा माय मामाकडे गेली. लोक मुलीचा रंग पाहतात, स्वयंपाक पाहतात. मायनं वहिनीला म्हटलं, "पाठ करून उभी राह्य, लेकी. लुगडं जरा वर घे." टाच पाहिली, दाबून पाहिली आणि तिथंच गूळ तोंडात घातला. वापस येऊन सांगायची, "पारखून आणली सून. टाचेला टाच." आपण किती हसलो होतो तेव्हा!

हळदीचं बेणं निवडताना तू कसा बसायचास, दादा. ढिगातून एकेक गड्डा उचलायचा, उजेडात धरायचा, नख लावून पाहायचं. चांगलं ते पुढच्या सालासाठी बाजूला. तस्संच केलं आपण. पारखून पारखून रोग बाजूला काढला आणि परत घरात लावला. साऱ्या जिल्ह्यात कोणी केली नसेल अशी लागवड. हे मनात आलं की जेवण जात नाही.

नांदेडच्या त्या दवाखान्यात तुझ्याबरोबर मी होते. वहिनी शेतात सोंगणीला, तुझ्या लेकीची, वैष्णवीची परीक्षा, म्हणून तू मला सासरहून, शिरड शहापूरहून बोलावलं होतंस. छातीत आवळून राहिलं होतं तुला दोन-चार दिवस. तू म्हणत होतास पित्त आहे. डॉक्टर तरुण होता. तुझी छाती पाहायच्या आधी त्यानं तुझे डोळे पाहिले, बुबुळाच्या कडेचं पांढरं वर्तुळ पाहिलं, मग म्हणाला, "काका, चप्पल काढा." टाच पाहिली. मला वाटलं, आता हाही कौतुक करतो की काय. त्यानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला?"

"समद्यायला," तू छाती फुगवून म्हणालास. "आमच्या घरची टाच हाय ती."

"ही टाच नाही काका. ही चरबी साचलीय."

मग रक्ताचा कागद आल्यावर त्यानं समजावून सांगितलं. मला सगळं शब्दाला शब्द आठवत नाही, पण समजलं ते असं. रक्तात चरबीचे बारीक थेंब फिरत असतात. काळजाच्या खाली जे यकृत असतं, त्याच्या प्रत्येक कणावर त्या थेंबांना धरून आत ओढणारे हात असतात. डोळ्यानं दिसणार नाहीत एवढे बारीक. ते हात कसे बनवायचे याची कृती माणसाच्या अंगात लिहिलेली असते, एक आईकडून, एक बापाकडून. आपल्या घरात एक कृती चुकीची लिहिली गेली आहे. म्हणून हात निम्मेच बनतात.

तुला कळेना तेव्हा तो म्हणाला, "हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीच्या गाड्या येतात आणि हमाल निम्मेच आले तर काय होतं?"

"पोती रस्त्यावर पडतात," तू म्हणालास.

"तसंच. जन्मल्यापासून तुमची पोती रस्त्यावर पडून आहेत."

"मंग हमाल वाढवा ना साहेब!" तू हसलास. तोही हसला. म्हणाला, "गोळी तेच करते. जी कृती चांगली आहे तिच्याकडून जास्तीचे हात बनवून घेते. रोज घ्यायची. जन्मभर."

तू एक हड्डी, सडसडीत माणूस. दारू नाही, तंबाखू नाही, मटण वर्षातून एकदा. तू विचारलंस, "मी तर तूप बी बोटानं चाटतो, मला काहून चरबी?" तो म्हणाला, "खाण्याचा दोष थोडा. तुमचा दोष बनावटीचा आहे."

नंतर त्यानं जे सांगितलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. ते पडून राहिलेले थेंब नळीच्या अस्तरात शिरतात. तिथं कुजतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना खायला धावतात. खातात, खातात, फुगून टम्म होतात, आणि तिथंच मरतात. त्यांचा लगदा होतो. त्यावर नवे येतात, तेही खातात, मरतात. वर एक पातळ साल धरते. कधीतरी ती साल फुटते, लगदा रक्तात सांडतो, त्यावर रक्ताची गाठ बसते आणि नळी बंद. त्यानं भिंतीवरचं चित्र दाखवलं. पिवळा लगदा भरलेली नळी. पिकलेल्या फोडासारखी. आणि तुझ्या टाचेकडे बोट करून तो म्हणाला, "माल एकच आहे. तिथला आणि इथला."

मामी त्या मालाला हात लावून कपाळाला लावत होती, दादा.

त्या दिवशी शेवटी डॉक्टरनं एक प्रश्न विचारला. तो विचारला नसता तर कदाचित तू आज असतास. त्यानं विचारलं, "नवरा-बायको नात्यातले आहात का?" तू हो म्हणालास. वहिनीची टाचही अशीच आहे का, तर हो. मग त्याचा आवाज बारीक झाला. "घरात एखादं लहान लेकरू अचानक गेलंय का?"

तू चप्पल परत पायात घातलीस.

सोनी. तुझी नि वहिनीची लेक. तिला चार वर्षांची असतानाच कोपरावर, गुडघ्यावर, बोटांच्या बेचक्यांत पिवळ्या गाठी आल्या होत्या. आपल्या टाचा नुसत्या जाड, तिच्या गाठी खरंच पिवळ्याधमक. मायनंच नाव पाडलं, सोनी. गावातल्या बाया लेकरू पाहायला यायच्या. "टाच अंगभर घेऊन आली गं, लक्ष्मी आली." माय तिचा हात धरून फिरवायची, बाही वर करून दाखवायची. आणि लेकरू पळताना थांबायचं, छाती धरून उभं राहायचं. तू म्हणायचास, दमली. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती खाली बसली ती उठलीच नाही. आपण म्हणालो, दृष्ट लागली. तू अंगणात मिरच्या जाळल्यास. कोणाची दृष्ट? आपलीच. आपणच तिला दाखवत फिरलो.

डॉक्टरनं सांगितलं, एक चुकीची कृती असली तर हात निम्मे, दोन्ही चुकीच्या असल्या तर हात जवळजवळ नाहीतच. अशा लेकराला ही गोळी फारशी लागूही पडत नाही. चुकीलाच चूक मिळाली तर दर खेपेला अशा लेकराचा धोका. तू खुर्चीवरून उठलास. "चहा पिऊन येतो," म्हणालास आणि वापस आलाच नाहीस. मी गोळ्यांचा कागद घेऊन तुला शोधत स्टँडवर आले. तू हिंगोलीच्या गाडीत खिडकीशी बसला होतास. मला पाहून म्हणालास, "मंगले, त्या पोट्ट्याला काय कळतं? कालचं लेकरू ते."

गोळ्या तू महिनाभर घेतल्यास, मग सोडल्यास. वहिनीला सांगितलंस, उष्ण पडतात. गावात सांगितलंस, डॉक्टरनं सगळं चांगलं सांगितलं. तेव्हा मला तुझा राग आला. आता उगाच पडून राहिले की कळतं. गोळी घ्यायची म्हणजे डॉक्टर खरा. डॉक्टर खरा तर सोनी दृष्टीनं गेली नाही, आपल्या पारखीनं गेली. मरण गिळणं तुला सोपं वाटलं. हे खरं गिळता आलं नाही.

हे कळतं, तरी किळस जात नाही. तुझीही येते, खोटं कशाला बोलू. एवढा मोठा माणूस, चार गावच्या भांडणात लोक तुला बसवायचे, आणि बोटाच्या पेराएवढ्या गोळीला भ्यायलास.

तुझ्याशी शेवटचं भांडण मी केलं. भांडण म्हणावं की नाही, मी दोनदाच बोलले होते.

अविनाश माझा पोरगा. बारावीनंतर औषधांचा कोर्स करायचा म्हणाला तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते. तू शिरडला आलास, पैशाचं पाकीट माझ्या हातात ठेवलंस. मी म्हटलं, हळद विकली की देईन. तू माझ्या डोक्यावर टपली मारलीस. "देतेस कशाला? वैष्णवी तुझ्या घरात येणार हाय. ही सुपारी समज." मी पदरात तोंड लपवून हसले. मला आनंदच झाला होता. भावाची लेक सून म्हणून येणं, याहून मोठं काय मागते बाई?

दवाखान्यातून आल्यावर मी अविनाशला सांगितलं. त्यानं माझं आणि स्वतःचं रक्त तपासून आणलं. तो आता नांदेडला औषधाच्या दुकानात असतो, त्याला कागद वाचता येतो. "आई, दोघांचंही तसंच आहे," एवढंच म्हणाला. वैष्णवीची टाच तर तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचास. मग तो म्हणाला, "मामाला तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील, शिकला आमच्या पैशावर आणि आता मुलगी नको झाली."

मी आले. तू अंगणात बेण्याच्या ढिगाशी होतास. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "दादा, अविनाशचं बी रक्त तसंच निघालं. ते दोघं नको."

तू वर पाहिलंस. "म्हंजे? माझी पोरगी रोगट हाय का?"

"आपण समदे."

"मंगले," तू म्हणालास, "आजवर तू माझ्यापुढं तोंड उघडलं न्हाईस. आणि उघडलंस तर हे बोलायला? पैसे घेताना टाच चालली?"

एवढंच. मी चप्पल घातली, सेनगावपर्यंत चालत आले आणि काळी-पिवळी जीपमध्ये बसले. वाटभर मनात उत्तर तयार करत होते. अजून करते आहे. त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. आणि मग तो दुसराच फोन आला.

दादा, तुझ्या त्या एका वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं आयुष्यात कशानं लागलं नाही. पण तूच ते पाकीट दिलं होतंस म्हणून अविनाशला आज ते कागद वाचता येतात. तो रोज सकाळी मला गोळी देतो आणि समोर उभा राहून गिळायला लावतो. तुझ्या पैशानं माझी नळी उघडी राहिली आहे. याचे आभार मी तुला कोणत्या तोंडानं मानू? मानते. ऐक.

आम्ही म्हैस विकली. अविनाशच्या वडिलांनी दावं सोडताना तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचंच तूप मी तुला डब्यानं पाठवायची. आता घरात तूप कढलं की तो वास मला सहन होत नाही. ती भिंतीवरची नळी दिसते. अविनाशनं पगारातले घातले. तुझ्या पाकिटाएवढी रक्कम जुळली.

तुझी तेरवी. पंगती उठल्या, बाया ओसरीत बसल्या. वहिनी खांबाला टेकून, वैष्णवी तिच्यामागे. मामी मध्ये. मामीनं सुपारी कातरत विषय काढला. तिला तरी काय म्हणू, मामा गेला तेव्हा ती पस्तिशीत होती, आणि तो कशानं गेला हे तिला आजही माहीत नाही.

"मंगल, बाप गेल्यावर पोरीचं लग्न वर्षाच्या आत लावावं लागतं. न्हाईतर तीन वर्षं थांबा. अविनाशला रजा काढाया सांग. माझ्या वाघाच्या मनात शेवटपर्यंत हेच होतं."

"व्हय, व्हय," बाया म्हणाल्या. "भावाची इच्छा हाय."

"आणि टाचेला टाच मिळती," मामी म्हणाली आणि वैष्णवीकडे पाहून हसली. "परत सोनीसारखं लेकरू येईल घरात."

मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. चार बायांत माझा आवाज फुटत नाही. मी पिशवीतून पाकीट काढलं. तुझंच पाकीट, जपून ठेवलं होतं. उठले, वहिनीसमोर बसले आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय?" मामीनं विचारलं.

"दादाचे पैसे. अविनाशच्या शिकण्याचे."

"अगं, ते काय उसने होते? ती तर सुपारी होती!"

"म्हणूनच," मी म्हणाले.

मामीच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. "भावाची राख थंड झाली न्हाई," ती म्हणाली, "आणि तू त्याच्या लेकीला नाकारून राहिलीस? लाज वाटत न्हाई?"

लाज तर मला जन्माचीच आहे. मी मान खाली घातली. पण पाकीट परत उचललं नाही. खाली मान घातली तेव्हा वहिनीचे पाय दिसले. मायनं पारखलेले. ती नेहमी लुगडं घोट्याच्या वर नेसायची, टाच दिसावी म्हणून.

"मंगलबाई," वहिनी म्हणाली. तेरा दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "नांदेडला डॉक्टर काय म्हणले होते? यायनी मला कधी खरं सांगितलं न्हाई."

"हे टाचेतलंच छातीत साचतं म्हणले. रक्तातून येतं, आईबापाकडून. गोळी घेतली तर माणूस जगतं."

"आणि दोघंबी तसे असले तर? लेकरू?"

मग तिनंच विचारलं,

"सोनीचं बी हेच होतं का?"

दादा, तू असतास तर मी खोटं बोलले असते. तुझ्यासाठी बोलले असते. पण वैष्णवी तिच्यामागं बसली होती आणि माझ्याकडेच पाहत होती.

"व्हय," मी म्हणाले.

वहिनी रडली नाही. मग तिनं दोन्ही हातांनी लुगड्याचा काठ ओढला आणि टाचा झाकून घेतल्या. मागे न पाहताच वैष्णवीच्याही पायावर पदर टाकला.

मामी काहीतरी बोलत होती. वहिनीनं पाकीट उघडलं, अंगठा जिभेला लावला आणि नोटा मोजायला लागली. मोठ्यानं, एकेक, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशी. मधे एकदा चुकली तेव्हा परत पहिल्यापासून मोजल्या. शेवटची नोट खाली ठेवून तिनं मामीकडे, आपल्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बराबर हायेत मंगलबाई," ती म्हणाली. "समदे फिटले."